खुडूक म्हणजे म्हातारी नव्हे

विचारणा अशी आहे: ‘कोंबडी खुडूक झाली’ म्हणजे तिची अंडी थांबली, ती म्हातारी झाली, असं मी समजत होतो. पण गावाकडे ‘खुडूक आहे, हिला रवणीला बसवू’ असं ऐकलं. म्हाताऱ्या कोंबडीला कशाला बसवतील? शिवाय हा शब्द ‘खुडणे’वरून आला का? खुडूक कोंबडी छातीची पिसं खुडते म्हणतात. आणि ‘खुडूक मोडायची’ म्हणजे काय मोडायचं?

पहिलं उत्तर सोपं आहे. खुडूक कोंबडी म्हणजे अंडी उबवायला बसायची ओढ लागलेली कोंबडी. तिची अंडी थांबतात, पण तो त्या ओढीचा परिणाम असतो. गावठी कोंबडी साधारण 12 ते 15 अंडी घालते आणि मग खुडूक बसते. वर्षातून असं तीन-चारदा होतं. नुकतीच अंडी घालू लागलेली तलंगसुद्धा पहिल्या खेपेनंतर खुडूक होते, तेव्हा वयाचा इथे काही संबंध नाही. गोंधळ होतो तो शब्द कोण वापरतं त्यावरून. अंडी विकणाऱ्याच्या लेखी खुडूक म्हणजे ‘सध्या अंडी बंद’, आणि ऐकणारा ते ‘कायमची बंद’ असं ऐकतो.

रवण हा त्याच गोष्टीचा दुसऱ्या बाजूचा शब्द. उबवायला कोंबडीखाली ठेवलेली अंडी आणि ते बसणं, दोन्हींना रवण म्हणतात. कोकणात हा शब्द रुळलेला आहे. देशावर बऱ्याच घरी ‘कोंबडी बसवली’ एवढंच म्हणतात आणि कोणती, कशावर, हे विचारावं लागत नाही. खुडूक ही कोंबडीची आपली अवस्था, रवण ही माणसाने लावलेली. म्हणून कोंबडी खुडूक ‘होते’ किंवा ‘बसते’, पण रवणीला ती ‘बसवतात’. खुडूक नसलेली कोंबडी रवणीला बसवता येत नाही; टोपलीखाली कोंडली तरी अंडी लाथाडून उठते.

आणखी एका जोडीत लोक हमखास अडखळतात. ‘कोंबडी अंड्यावर आली’ म्हणजे अंडी घालायला लागली किंवा आता लागेल. ‘अंड्यांवर बसली’ म्हणजे उबवते आहे. एकीत अंडी मिळणार, दुसरीत मिळणार नाहीत. कोंबडी विकत घेताना ‘अंड्यावरची आहे’ असं सांगितलं, तर यातलं कोणतं हे विचारून घ्यावं.

आता ‘खुडणे’. जुळवाजुळव छान आहे, पण पटत नाही. खुडायची ती भाजी, कणसं, फुलं, चहाची पानं: देठाशी बोटांनी किंवा नखांनी तोडायची. पिसं मराठीत खुडत नाहीत, उपटतात. खुडूक कोंबडी छातीपोटाची पिसं काढते हे खरं, उघड्या कातडीची ऊब अंड्यांना थेट लागावी म्हणून. पण त्या कामाला हे क्रियापद कोणी लावत नाही. त्यापेक्षा अशी कोंबडी पंख फुलवून अंगणात फिरताना घशातून तुटक ‘खुडुक्-खुडुक्’ करते, त्या आवाजाशी शब्दाचं नातं जास्त सरळ दिसतं. हिंदीत तिला ‘कुड़क मुर्गी’ म्हणतात, तेही याच बाजूने साक्ष देतं.

व्याकरण फार नाही. विशेषण म्हणून हा शब्द बदलत नाही: खुडूक कोंबडी, खुडूक कोंबड्या, खुडूक कोंबडीला. लिहिताना ‘डू’ दीर्घ, चाबूक-माणूस यांच्यासारखा. ‘खुडूक मोडणे’ यात तो नाम होतो आणि मोडणे हे सवय मोडणे, घडी मोडणे यांतलं. पाय मोडायचा नाही, ओढ मोडायची. हे स्पष्ट सांगायचं कारण पुढे येईलच.

शब्द नेमका वापरायचा तर अवस्था ओळखता आली पाहिजे. अंडं घालायला बसलेली कोंबडी तास-दोन तासांत उठते. खुडूक कोंबडी रात्रीही दांडीवर न जाता अंड्यांच्या जागीच राहते. हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, टोचते. पोट उघडं आणि गरम लागतं, तुरा फिकट होऊन आक्रसतो, आणि दिवसातून एकदाच उठून भलीमोठी, घाण वासाची विष्ठा टाकते. आजारी कोंबडी याउलट डोळे मिटून मलूल बसते, हात लावला तरी प्रतिकार करत नाही. शेपटी वर-खाली करत कुंथत असेल तर अंडं अडकलेलं असतं. ती खुडूक नव्हे, तिला लगेच उपचार हवा.

पिल्लं हवी असतील तर खुडूक ही संधी. आधी दोन रात्री खोट्या अंड्यांवर बसवून कोंबडी टिकते का पाहावं. पसरट पाटीत तळाला माती आणि चुलीची राख, वर पेंढा किंवा वाळलेलं गवत. मध्ये थोडा खळगा, कडा दाबलेल्या, म्हणजे अंडी बाहेर घरंगळत नाहीत. राख उवा-पिसवांसाठी. त्यांनी हैराण झालेली कोंबडी रवण सोडून उठते आणि दोष मात्र तिच्या स्वभावाला दिला जातो. अंडी कोंबड्याबरोबर असलेल्या कोंबडीचीच हवीत, सात दिवसांहून जुनी नकोत आणि उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांच्या आतली. साठवताना थंड जागी, निमुळतं टोक खाली. एप्रिल-मेच्या उकाड्यात घरात नुसत्या ठेवलेल्या अंड्यातही गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. ‘रवण वाया गेली’ यामागे पुष्कळदा हेच असतं.

गावठी कोंबडीच्या पोटाखाली 10 ते 12 अंडी मावतात. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात, आणि कोंबडी अंडी फिरवत असल्याने आज कडेला असलेली उद्या मध्ये जातात. म्हणजे दोन जास्त ठेवल्याने दोनच नव्हे, सगळ्यांचंच नुकसान होतं. अंडी रात्री आणि सगळी एकाच वेळी ठेवावीत. प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करावी, शाईने नको. दुसऱ्या कोंबड्या त्याच पाटीत अंडी घालून जातात. ती रोज काढली नाहीत तर निम्मी पिल्लं 21व्या दिवशी बाहेर येतात, आई त्यांना घेऊन उठते आणि मागची अंडी अर्धवट राहतात. जवळ पाणी आणि ज्वारी-मक्याचे दाणे असावेत. दिवसातून 15-20 मिनिटं ती उठते, त्याने अंडी बिघडत नाहीत. सातव्या रात्री अंड्यामागे टॉर्च धरून पाहावं: कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ आहे, नितळ दिसलं तर काढून टाकावं. 18व्या दिवसानंतर हात लावू नये. बदकाची अंडी ठेवली तर 21 नाही, 28 दिवस.

छापील मराठीत या सगळ्याला ‘उबवणी’ म्हणतात; पशुसंवर्धन खात्याची ‘मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं’ आहेत. तिथे यंत्र बसतं, म्हणून खुडूक आणि रवण दोन्ही शब्दांना जागा नाही. कडकनाथ पाळणाऱ्यांना मात्र हे शब्द अजून लागतात: ती जात फारशी खुडूक बसत नाही, म्हणून तिची अंडी गावठी किंवा असील कोंबडीखाली ठेवतात.

पिल्लं नको असतील तर ‘मोडायची’. ओढ टिकते ती पोटाला लागणाऱ्या उबेने, अंड्यांच्या स्पर्शाने आणि अंधाऱ्या कोपऱ्याने. त्याने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चढं राहतं आणि अंडाशय आटतं. म्हणून उपाय पोट गार ठेवण्याचा. तळाला जाळी असलेला पिंजरा विटांवर, जमिनीपासून वीतभर उंच. वारा खालून लागला पाहिजे. आत पेंढा नाही, टोपली नाही. उजेड भरपूर पण थेट ऊन नको, आणि दाणा-पाणी पूर्ण. सुरुवातीलाच पिंजऱ्यात घातली तर तीन-चार दिवस पुरतात; आठवडाभर बसू दिल्यावर दुप्पट लागतात. अंडी नसली तरी खुडूक कोंबडी कित्येक आठवडे बसून राहते आणि वजन घालवते, म्हणून ‘उठेल आपोआप’ हा हिशेब महागात पडतो.

नाकपुडीत पीस घालणं, पाय बांधणं, उपाशी ठेवणं हे ‘मोडणे’चा शब्दशः अर्थ घेतल्यासारखे प्रकार आहेत. त्यांनी ओढ मोडत नाही, कोंबडी मोडते. बादलीत बुडवण्यात पोट गार करण्याचा विचार आहे खरा, पण पाणी काही मिनिटांचं आणि ऊब दिवसभराची. थंडीत तर कोंबडी आजारीच पडायची.

मग ‘मोडली’ कधी म्हणायचं? पिंजऱ्यातून सोडल्यावर ती अंड्यांच्या जागेकडे न जाता दाणे टिपायला गेली आणि रात्री दांडीवर बसली, म्हणजे मोडली. परत कोपऱ्यात शिरली तर पुन्हा पिंजरा. मोडली म्हणजे दुसऱ्या दिवशी अंडं, असं नाही. मध्ये दोन-तीन आठवडे जातात. आक्रसलेला तुरा पुन्हा भरून लाल झाला की मग ‘अंड्यावर आली’ म्हणा.