तुमचे प्रश्न: रिमोटवरच्या शिडाच्या होड्या आणि त्यांची शर्यत

रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या होड्यांबद्दल बरेच प्रश्न साठले होते, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे यावेळी घेतलेत. ज्यांना हा प्रकार माहीतच नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की या होडीला ढकलायला मोटर नाही, पंखा नाही, वारा येईल त्यावरच ती चालते. काठावर उभं राहून आपल्या हातात फक्त दोन गोष्टी, एक सुकाणू आणि एक शिडाची दोरी. वाचायला सोपं वाटतं ना? चला मग.

प्रश्न: सर, माझी होडी ६५ सेंटीमीटरवाली आहे, बाकीच्यांचीही तीच, शिडं तीच, तरी वारा येतो त्या दिशेने, म्हणजे वर, जायचं असलं की सगळे माझ्या पुढे निघून जातात. मी तर शीड अगदी घट्ट आत ओढून धरतो. चुकतंय कुठे?

भावा, उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे, "अगदी घट्ट". नवीन माणूस हमखास हेच करतो. वर जायचं म्हणजे शीड आत, एवढं डोक्यात पक्कं बसतं आणि मग मेनचा (मागच्या मोठ्या शिडाचा) बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, थेट होडीच्या मध्यरेषेवर आणून ठेवला जातो. असं केलं की शिडावरून वारा नीट वाहतच नाही, होडी आडवी कलते, बाजूला सरकते, आणि नाक छान वाऱ्याकडे दिसतं त्यामुळे आपल्याला वाटतं की काय मस्त चाललीये. प्रत्यक्षात वेग मेलेला असतो. आणि वेग गेला की पाण्याखालची कील, म्हणजे तळाला लावलेलं उभं पातं, पण काम करत नाही, कारण कीलला बाजूचा घसरा थांबवायला पाणी तिच्यावरून वाहत असावं लागतं.

घरीच एक काम कर. होडी स्टँडवर ठेव, रिमोट आणि होडी दोन्ही चालू कर, शिडाची स्टिक पूर्ण खाली ओढ आणि वरून बघ. मेनच्या बूमचं मागचं टोक मध्यरेषेच्या जरासं बाहेर पाहिजे आणि जिबचा (पुढच्या शिडाचा) बूम त्याहून थोडा जास्त बाहेर. तसं नसेल तर आधी दोरीची लांबी बदल, नाहीतर रिमोटमध्ये एंड पॉइंटचं सेटिंग असतं त्यात "पूर्ण आत"ची हद्द कमी कर. एकदा हे बसलं की पाण्यावर गडबडीत स्टिक कितीही ओढलीस तरी शीड जास्त आत येणारच नाही. डेकवर पेनाने बारीक खुणा करून ठेव, बूम कुठपर्यंत येतो ते दर वेळी डोळ्याला कळतं.

दुसरं म्हणजे शिडाचा पीळ. शिडाचा वरचा भाग खालच्यापेक्षा थोडा बाहेर उघडलेला असायला हवा. मेनला तो किकरने, म्हणजे बूमला खाली ओढून धरणाऱ्या जोडणीने, कमीजास्त होतो आणि जिबला मागच्या कडेजवळून वर डोलकाठीकडे जाणारी जी बारीक दोरी असते तिने. वारा अगदी मंद असेल तर पीळ जरा जास्त चालतो, मध्यम वाऱ्यात कमी कर, आणि झोत जोरात यायला लागले की परत थोडा सोड, म्हणजे वरचा वारा निसटून जातो आणि होडी आडवी पडत नाही. मेनच्या मागच्या कडेला वरच्या बाजूला हलकी रिबिन चिकटव. ती सारखी शिडामागे जाऊन लपत असेल तर शीड फार बंद आहे, आणि एकदाही लपत नसेल तर बहुतेक फार उघडं आहे.

आणि पाण्यावर असताना शंका आली तर शीड सोड. दोन बोटं सोड, होडीने वेग पकडला की हळूच परत घे. वेग आधी, दिशा नंतर.

प्रश्न: होडी लांब जाते तेव्हा ठीक, पण माझ्याकडे यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं आणि मी बोयावर (शर्यतीच्या तरंगत्या खुणेवर) नेऊन आपटते. काही युक्ती आहे का?

आहे ना ताई, आणि सोपी आहे. होडी समोरून तुमच्याकडे येत असताना ती ज्या बाजूला भरकटतेय असं तुम्हाला दिसतंय, स्टिक त्याच बाजूला द्या. ती तुमच्या उजवीकडे चालली असेल तर स्टिक उजवीकडे, सरळ होईल. कारण तिची उजवी ती तुमची डावी. पहिले काही दिवस हेच घोकायचं, बाकी विचार नाही.

काही जण होडी जिकडे चाललीये तिकडे स्वतः तोंड करून उभे राहतात आणि मान वळवून खांद्यावरून बघतात, तेही चालतं, फक्त गर्दीत शेजाऱ्याला कोपर लागतं. मला स्वतःला तिसरी पद्धत जास्त आवडते, डावं-उजवं सोडूनच द्यायचं आणि "वाऱ्याकडे" की "वाऱ्यापासून लांब" एवढंच मनात म्हणायचं. शर्यतीत सगळे निर्णय तसेच असतात, त्यामुळे हात आपोआप त्या भाषेत वळायला लागतो. आणि सुकाणू हलक्या हाताने, प्लीज. सुकाणू पूर्ण वळवलं की तो ब्रेकच होतो.

प्रश्न: टॅक मारताना, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळताना, होडी मध्येच वाऱ्याच्या तोंडावर अडकते, शिडं फडफडतात आणि ती मागे मागे यायला लागते. मग काय करायचं?

अडकलीच तर पहिलं काम शीड सोडायचं, कारण आत ओढलेला मेन होडीचं नाक परत परत वाऱ्याकडेच फिरवतो. आता होडी मागे सरकतेय हे लक्षात ठेवा, मागे जाताना सुकाणू उलटं काम करतं, म्हणजे नाक उजवीकडे न्यायचं असेल तर स्टिक डावीकडे. नाक एका बाजूला पडलं, शिडात वारा भरला, की सुकाणू सरळ आणि हळूहळू शीड आत. घाईत आधी शीड ओढलंत की परत तिथेच.

अडकू नये म्हणून टॅकच्या आधी वेग हवा. होडी संथ असेल तर आधी जरा वाऱ्यापासून लांब वळवून पळू द्या, मगच सुकाणू द्या, झटका न देता एका दमात, आणि दुसऱ्या बाजूला आल्यावर लगेच वर चढायच्या मागे लागू नका.

प्रश्न: स्टार्टला नेहमी गोंधळ होतो. एकतर मी लाइनच्या आधीच पुढे असतो किंवा सगळ्यात मागे. आणि लोक कसले कसले नंबर ओरडत असतात, ते काय असतं?

आधी घड्याळ. शिडाच्या शर्यतींच्या नियमांच्या पुस्तकात रेडिओ सेलिंगसाठी, म्हणजे रिमोटवरच्या होड्यांसाठी, परिशिष्ट ई आहे (सध्या २०२५-२०२८ ची आवृत्ती लागू आहे), त्यात स्टार्टचे आवाज एकेका मिनिटाने येतात, पहिला सूचनेचा, दुसरा तयारीचा, तिसरा स्टार्ट. शेवटच्या मिनिटात दर १० सेकंदांनी तोंडाने सांगतात आणि शेवटचे १० सेकंद एकेक करून मोजतात. म्हणजे तुम्हाला मनगटाकडे बघायची गरजच नाही, डोळे होडीवर ठेवा आणि कान उघडे ठेवा.

त्याआधी लाइनच्या मधोमध जाऊन होडी क्षणभर नाक वाऱ्यात करून उभी करा. नाक ज्या टोकाकडे झुकलेलं दिसेल ते टोक वाऱ्याच्या जवळ, तिथून सुरुवात केली तर कमी अंतर कापावं लागतं. पण सगळ्यांना हे कळतं, त्यामुळे त्या टोकाला तुंबळ गर्दी होते. नवीन असाल तर तिथून थोडं खाली, मोकळ्या पाण्यात, स्टारबोर्ड टॅकवर या, म्हणजे वारा उजवीकडून आणि शीड डावीकडे. तुमच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे जातोय तिकडे, थोडी जागा राखून ठेवा, शेवटच्या क्षणी तिकडे वळून वेग घेता येतो. जागा नसेल तर नुसतं उभं राहावं लागतं आणि उभी होडी म्हणजे गेलेला स्टार्ट.

काठावर तुम्ही कुठे उभे आहात यानेही फरक पडतो. ठरवून दिलेल्या जागेच्या आत राहून शक्य तितकं लाइनच्या सरळ रेषेत उभं राहा. तिरकं उभं राहिलं की होडी लाइनवर आहे की दोन फूट मागे हे कळतच नाही, आणि बहुतेक वेळा आपण समजतो त्यापेक्षा ती मागेच असते.

आता ओरडणं. वाद टाळायला समोरच्याला हाक मारतात, आणि हाकेत शिडावरच्या नंबरचे आकडे सुटे सुटे म्हणायचे असतात, म्हणजे १५ असेल तर "वन फाइव्ह", "फिफ्टीन" नाही. वाऱ्यात आणि गोंगाटात फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं म्हणून ते बरंच आहे. हक्काचं म्हणाल तर पोर्टवाल्याने (वारा डावीकडून असलेल्याने) स्टारबोर्डवाल्याला वाट द्यायची, आणि एकाच टॅकवर असाल तर वाऱ्याकडच्याने खालच्याला. बोयाजवळची झोन, म्हणजे वळायला जागा देण्याचे नियम लागतात ती हद्द, इथे ४ होड्यांच्या लांबीची असते, मोठ्या होड्यांच्या शर्यतीत ती एरवी ३ असते. नियम मोडला असं वाटलं तर बाजूला निघून एक गोल फेरी मारायची, म्हणजे एक टॅक आणि एक जाइब (वारा मागून घेत वळणं), तेही लगेच.

आणि लांबवर दोन होड्या एकमेकींसमोरून पार होणार की धडकणार हे काठावरून नीट दिसत नाही, अनुभवी लोकही फसतात. तुम्ही पोर्टवर आहात आणि खात्री नाहीये, तर बऱ्याच आधी हलकंसं खाली वळून समोरच्याच्या मागून जा. लवकर वळलात तर नुकसान जेमतेम एका होडीच्या लांबीचं, ऐनवेळी सुकाणू फिरवलंत तर होडीच थांबते.

प्रश्न: कालपर्यंत पळणारी होडी आज एकदम जड झाली. शीड तेच, वारा तोच.

शेवाळ, दुसरं काही नाही. कील आणि तिच्या खालच्या टोकाचा जड बल्ब जिथे जोडलेत त्या कोपऱ्यात गवताची एक काडी अडकली तरी पुरतं. होडी सुकाणू उशिरा ऐकते, शेजारची होडी काहीच न करता पुढे सरकते, हीच खूण. शर्यत चालू असेल तर नाक वाऱ्यात करून होडीला थोडं मागे जाऊ द्या, बऱ्याचदा सुटतं. नाही सुटलं तर दोन शर्यतींच्या मध्ये बाहेर काढून सुकाणूची फट आणि बल्बचं टोक बोटाने चाचपा, नुसतं वरून बघून कळत नाही.

प्रश्न: वारा वाढला की खाली, म्हणजे वाऱ्याबरोबर, येताना होडीचं नाक पाण्यात घुसतं. शिडं बदलायची का?

हो, आणि लोक बदलतात त्याच्या जरा आधी बदला. आंतरराष्ट्रीय वन मीटर वर्गात (होडी जास्तीत जास्त १ मीटर लांब, वजन कमीत कमी ४ किलो) ए, बी, सी असे तीन रिग (डोलकाठी आणि शिडांचे संच) वापरता येतात, ए सगळ्यात मोठा. वर जाताना होडी सतत आडवी आणि खाली येताना नाक पाण्यात असेल तर छोटा रिग मोठ्यापेक्षा जोरात पळतो. लहान रिग लावायला कमीपणा वाटतो त्यांनी एकदा पाण्याखाली गेलेल्या नाकामागची होडी कशी जागच्या जागी गरकन फिरते ते बघावं.

प्रश्न: होडी मधेच सिग्नल सोडते. आणि डेकच्या आत पाणीही दिसतं. दोन्हीचा संबंध आहे का?

असू शकतो. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जवळजवळ जातच नाही, म्हणून रिसीव्हरचा अँटेना आत तळाशी पडलेला नको, जमेल तितका वर, डेकच्या खालच्या बाजूला चिकटवा. दोन अँटेना असतील तर एकमेकांना काटकोनात. कार्बनच्या मागे लपवू नका, कार्बन सिग्नल अडवतो.

पाण्याचं म्हणाल तर सगळ्यात आधी झाकणाच्या जागी लावलेला चिकट शिडाच्या कापडाचा तुकडा बघा, कडेला एक सुरकुती असली की तिथून आत येतं. मग सुकाणूची नळी, तिथे थोडं ग्रीस. रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधणारे अजूनही आहेत आणि हसू नका, चालतं ते. खाऱ्या पाण्यात चालवली असेल तर गोड्या पाण्याने धुऊन, बूच काढून, झाकण उघडं ठेवून वाळू द्या, नाहीतर महिन्याभरात कनेक्टर हिरवे पडतात.

आणि फेल-सेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर होडीने आपोआप काय करायचं ते, सेट केलंय का ते आजच बघा. होडी स्टँडवर ठेवून रिमोट बंद करा. शिडं पूर्ण बाहेर गेली पाहिजेत आणि सुकाणू थोडं एका बाजूला वळलं पाहिजे, म्हणजे सिग्नल गेलाच तर ती लांब पळून जाण्याऐवजी जवळपास हळू घुटमळत राहण्याची शक्यता जास्त. बॅटरी मात्र पूर्ण मेली तर फेल-सेफही काही करू शकत नाही, म्हणून दर दोन-तीन शर्यतींनंतर व्होल्टेज बघायचं आणि जोराच्या वाऱ्यात त्याहून लवकर, कारण ओढ जास्त असली की शिडाची दोरी ओढणारी विंच बॅटरी भराभर पिते.