नव्या रबरी गॅस्केटवर (सांध्यातून गळती होऊ नये म्हणून बसवायच्या चकतीवर) काही आठवड्यांत पांढरट थर का येतो?

हा थर बहुधा बुरशीचा नसून रबरातच मिसळलेल्या गंधक, मेण किंवा प्रवेगक (रबर पक्के होण्याची रासायनिक क्रिया जलद करणारे रसायन) यांसारख्या घटकांचा असतो. मिश्रण तापलेले असताना हे पदार्थ त्यात सहज विरघळतात, पण थंड झाल्यावर विद्राव्यता घटते आणि जादा अंश हळूहळू पृष्ठभागावर येऊन साचतो, ज्याला उद्योगात ‘ब्लूम’ म्हणतात. मेणाचा थर तर अनेकदा मुद्दामच येऊ दिलेला असतो, कारण तो ओझोनमुळे पडणाऱ्या चिरांपासून रबराला वाचवतो (रबर वारंवार ताणले आणि सैल सोडले जात असेल, तर मात्र हा थर तडकतो आणि कुचकामी ठरतो). फडक्याने पुसूनही थर काही दिवसांत परतला, तर तो ब्लूम समजावा. न परतल्यास, वस्तू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून भुरभुरलेली ती शंखजिऱ्याची पूड (टाल्क) असू शकते.