वाचक विचारतात : ‘कॅटलॉग’ कधी कळते, कधी कळत नाही

प्रश्न : माझ्याकडे एक जुना ॲपल टू संगणक आहे. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी नसताना तो सुरू केला, तर ड्राइव्ह फिरतच राहतो. कंट्रोल आणि रीसेट दाबून बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत आल्यावर ‘कॅटलॉग’ ही फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा टंकली, की चूक दाखवली जाते. डॉस ३.३ची (फ्लॉपीवरच्या फाइली हाताळणाऱ्या प्रणालीची) फ्लॉपी घालून सुरू केल्यास तीच आज्ञा चालते. बेसिक तेच असताना असे का होते? आणि पुसलेली फाइल परत मिळवता येते काय?

उत्तर : बेसिक तेच आहे, हे आपले निरीक्षण बरोबर आहे, फरक त्याच्या दारात कोण बसले आहे याचा आहे. या संगणकाच्या रॉममध्ये, म्हणजे कायमस्वरूपी मेमरीत, बेसिक असले, तरी डॉस नाही. ड्राइव्हच्या कार्डावर केवळ २५६ बाइटांचा एक प्रोग्राम असतो आणि फ्लॉपीवरचा अगदी पहिला सेक्टर (साठवणीचा छोटा तुकडा) मेमरीत आणणे एवढेच त्याचे काम. सेक्टर मिळेपर्यंत तो हार मानत नाही, म्हणून रिकामा ड्राइव्ह फिरत राहतो. फ्लॉपी असली, की हा पहिला सेक्टर पुढचे सेक्टर आणवतो आणि टप्प्याटप्प्याने पूर्ण डॉस ४८ किलोबाइट मेमरीच्या वरच्या टोकाला जाऊन बसतो; सुमारे १०.५ किलोबाइट जागा त्यातच जाते.

खरी खुबी यानंतरची आहे. कळफलकावरून अक्षर घेणारा आणि पडद्यावर अक्षर पाठवणारा प्रोग्राम कोठे आहे, याचे दोन पत्ते मेमरीत ठरावीक जागी लिहिलेले असतात, आणि डॉस तेथे स्वतःचे पत्ते लिहून ठेवतो. त्यामुळे आपण टंकलेली ओळ आधी त्याच्या नजरेखालून जाते : ‘कॅटलॉग’सारखी ओळखीची आज्ञा असेल तर तो ती स्वतः पार पाडतो, नसेल तर बेसिककडे सोडतो. बेसिकला याचा पत्ताही नसतो. प्रोग्राममधून आज्ञा द्यायची असल्यास ती चक्क ‘प्रिंट’ने छापायची, फक्त ओळीच्या आरंभी कंट्रोल-डी हा अदृश्य वर्ण हवा. तो आरंभी नसला, तर आज्ञा निमूटपणे पडद्यावर उमटते आणि काहीच घडत नाही. ही चूक शोधण्यात अनेकांच्या संध्याकाळी गेल्या असतील.

आता पुसलेल्या फाइलीविषयी. फ्लॉपीवर ३५ ट्रॅक, म्हणजे वर्तुळाकार पट्टे, आणि प्रत्येकात २५६ बाइटांचे १६ सेक्टर असतात. फाइलींची यादी, तसेच रिकाम्या सेक्टरांचा हिशेब, १७ क्रमांकाच्या ट्रॅकवर ठेवलेला असतो. गणती शून्यापासून असल्याने हा बरोबर मधला ट्रॅक होय, आणि कोठूनही तेथे पोहोचायला ड्राइव्हच्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडला फार दूर जावे लागत नाही. फाइल पुसताना डॉस मजकुराला हातही लावत नाही. तो यादीतील नोंदीच्या पहिल्या बाइटमध्ये २५५ हा अंक लिहितो, तेथला फाइलीकडे नेणारा मूळ ट्रॅक-क्रमांक फाइलीच्या नावाच्या शेवटच्या बाइटमध्ये हलवतो आणि तिचे सेक्टर रिकामे म्हणून नोंदवतो. म्हणून तो क्रमांक पूर्वीच्या जागी ठेवून सेक्टर पुन्हा व्यापलेले दाखवल्यास फाइल परत मिळते, मात्र त्याआधी त्या फ्लॉपीवर दुसरे काहीही साठवलेले नसावे.