पूर्वग्रहाला थेट भिडल्याने समाजाची नैतिक समज खरंच वाढते का?

वाढते, पण आपोआप नाही आणि लगेच तर नाहीच. नाशिकचंच बघा. २ मार्च १९३० ला पंचवटीत, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून, काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, इथली धुरा दादासाहेब गायकवाडांकडे. दरवाजे लावून घेतले गेले, सत्याग्रही बाहेर ठिय्या देऊन बसले. रामनवमीला रथाच्या वादातून दगडफेक झाली. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, तरी त्यांच्यासाठी दार काही उघडलं नाही.

म्हणून तो वाया गेला असं मी अजिबात मानत नाही. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्रातून कळवलं, की मूर्तिपूजा हा हेतू नव्हताच. आपल्या लोकांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, हा होता. शिवाय ‘आम्ही कुठे कुणाचं वाईट करतो?’ म्हणत गप्प बसणाऱ्यांनाही त्या बंद दारासमोर बाजू घ्यावी लागली. माझ्या मते खरी सुरुवात तिथे होते. मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदा १९४७ मध्ये आला.

आजही भाड्याने खोली बघायला गेलं की नाव सांगितल्यावर विचारतात, ‘आडनाव काय?’ तेव्हा ‘आडनाव कशाला हवंय, काका?’ हे सोबतच्या मित्राने विचारावं, ज्याला ती खोली सहज मिळाली असती.