दोघांत एकच, पण जाड : घरच्या स्टेकबद्दल वाचकांचे प्रश्न

ताई, मी मूळचा कोल्हापूरचा, दोन वर्षं झाली डब्लिनला आहे. बायको चार महिन्यांपूर्वी आली, दोघंही सगळं खातो. व्हॅलेंटाइनला सुपरमार्केटातनं दोन पातळ स्टेकचं पाकीट आणलं, नॉनस्टिकवर टाकलं तर नुसतं पाणीच सुटलं, राखाडी झालं, चावून चावून जबडा दुखला आणि वर स्मोक अलार्म वाजला. पुढच्या महिन्यात लग्नाचा पहिला वाढदिवस आहे, परत करायचंय. मटणाचा रस्सा डोळे मिटून करतो पण हे काही जमेना. कुठला कट घेऊ आणि कसा करू?

अरे रस्सा येतो ना, मग हेही येईल, फक्त रस्सा थोडा वेळ डोक्यातनं काढून टाक. मटणाला आपण वेळ देतो, हाडाजवळचं चिवट सगळं विरघळून रश्श्यात उतरेपर्यंत. स्टेकला तसं विरघळवायचं काही नसतंच, जनावराच्या अंगातला जो भाग फारसा राबलेलाच नाही तिथला तो तुकडा, त्याला शिजवत बसायचं नाही, आतनं हवा तेवढाच गरम करायचा आणि वरून खरपूस करायचा, बास. आणि तुझं जे बिनसलं ते बरचसं दुकानातच बिनसलं होतं. पातळ तुकड्याला वरून रंग येईपर्यंत तो आतून पार सुकलेला असतो, त्यात कितीही हुशार माणूस काही करू शकत नाही.

म्हणून दोन पातळ घेऊ नको, दोघांत एकच जाड घे. चार सेंटिमीटर, म्हणजे आडवी दोन बोटं आणि वर थोडं. बीफचा रिबआय (बरगड्यांजवळचा भाग) घे, बिनहाडाचा साधारण सहाशे ग्रॅमचा तुकडा दोघांना भरपूर होतो. जवळच्या बुचरकडे जाऊन समोर कापून घे, पाकिटातलं नको. फिलेट सगळ्यात मऊ पण मला तो चवीला फिका वाटतो आणि महागही सगळ्यात तोच, स्ट्रिपलॉइन मधला मार्ग आहे. (अमेरिकेतल्या वाचकांसाठी : आयर्लंड-ब्रिटनमध्ये जे सरलॉइन किंवा स्ट्रिपलॉइन ते तुमच्याकडे न्यूयॉर्क स्ट्रिप, तुमचं सरलॉइन वेगळं, त्यात गल्लत नको.) तुकडा हातात घेऊन बघ, मांसात पांढऱ्या चरबीची बारीक जाळी दिसली पाहिजे, ती जाळी तापून आतल्या आत वितळते आणि तीच चव. चरबी जरा पिवळसर असली तर जुनं आहे समजू नको, आयर्लंडमध्ये गुरं गवतावर वाढतात आणि गवतातल्या कॅरोटीनने चरबीला तो रंग येतो. एकवीस किंवा अठ्ठावीस दिवस मुरवलेलं मिळालं तर तेच घे, त्या दिवसांत मांसातले एन्झाइम्स धागे सैल करतात.

एक मात्र आधीच कर, बायकोला विचार तिला आतून गुलाबी चालतं का. सरप्राइज बाकी कशाचंही दे, पण पहिल्यांदाच समोर लाल काही आलं आणि तिला ते गिळवेना, तर ती बिचारी तुझं मन राखायला खाईल आणि सगळी संध्याकाळ त्यातच जाईल.

आता पाणी का सुटलं ते. पाणी शंभर डिग्रीच्या वर जात नाही आणि मांसाला तो तपकिरी रंग, तो भाजल्याचा वास यायला साधारण एकशेचाळीसच्या पुढे जावं लागतं (माइयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये यावर लिहिलं, म्हणून त्याला माइयार रिअॅक्शन म्हणतात). पृष्ठभाग ओला असेल तर तव्याची सगळी उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते आणि तुकडा तव्यावर उकडत बसतो. उपाय सोपा आहे, आदल्या रात्रीच मीठ लाव, सहाशे ग्रॅमला एक सपाट छोटा चमचा, सगळ्या बाजूंनी, आणि जाळीवर ठेवून फ्रीजमध्ये उघडाच ठेव. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारं पाणी हळूहळू परत आत जिरतं आणि वरचा भाग कोरडा होतो. सकाळी बोट लावून बघ, कागदासारखा लागेल. आदल्या रात्री जमलं नाही तर निदान पाऊण तास आधी लाव नाहीतर अगदी तव्यावर टाकताना लाव, मधल्या दहा-वीस मिनिटांत लावलंस तर बरोब्बर पाणी बाहेर आलेलं असतं आणि परत तेच राखाडी.

आता अलार्म. मी तुझ्या जागी असते तर ओव्हन आधी आणि तवा शेवटी असं केलं असतं, म्हणजे तुकडा तव्यावर असतो जेमतेम पाच मिनिटं आणि धूर कमी. लोक म्हणतील आधी भाजून रस आत कोंडला पाहिजे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पसरवली आणि ती चुकीची ठरून जमाना झाला, भाजल्याने चव येते, रस काही कोंडला जात नाही. तर ओव्हन 120 डिग्रीला, तुकडा जाळीवर, खाली ट्रे. चार सेंटिमीटरला तीस ते चाळीस मिनिटं लागतील पण घड्याळावर जाऊ नको, एक डिजिटल थर्मामीटर घे, या सगळ्या खर्चात मला विचारशील तर सगळ्यात कामाची वस्तू ती. मध्यभागी टोचून 48 दिसलं की बाहेर काढ, तव्यावर जाऊन शेवटी 54-55 होतं, म्हणजे मिडियम रेअर, आतून गुलाबी. तिला कमी गुलाबी हवं असेल तर 54 ला काढ, साठच्या आसपास जाईल, आणि रिबआय तिथेही छान लागतो, उलट चरबी जास्त नीट वितळलेली असते, त्यामुळे रेअरच खाल्लं पाहिजे असल्या दबावाखाली येऊ नका.

या अर्ध्या तासात तू मोकळा असतोस रे, म्हणून तर ही पद्धत. बटाटे आधीच उकडून लोणी-दूध घालून घोटून झाकून ठेवलेले, सॅलडची पानं धुऊन कोरडी केलेली, आणि तू तिच्यासोबत बसलेला. ती एकटी टेबलावर आणि तू धुरात, असं नको.

तवा नॉनस्टिक नको, एवढ्या आचेला ते कोटिंग खराब होतं. बिडाचा घे, सपाट बुडाचा, इंडक्शनवरही चालतो. आपल्याकडचा खोलगट बिडाचा तवा नेला असशील तर तो इंडक्शनवर टेकणार नाही, तो राहू दे. बीड तापायला वेळ घेतं, मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं दे, मग पाण्याचा थेंब टाकून बघ, नुसता चुर्र करून उडाला तर अजून थांब, मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर पळायला लागला की झालं. खिडक्या उघड, एग्झॉस्ट फुल. तुकडा टिपकागदाने पुन्हा एकदा पूस आणि तेल तव्यात न घालता तुकड्याला चोळ. आणि तेलापेक्षाही साजूक तूप चोळ, मनापासून सांगते. बटरमधला दुधाचा अंश लगेच करपतो, तुपात तो काढून टाकलेलाच असतो म्हणून तूप खूप जास्त आच सोसतं. आधी चिमट्याने तुकडा उभा धरून चरबीची कड तव्याला टेकव, मिनिटभर, ती पांढरी कड आधी काचेसारखी होते, मग आक्रसते, मग सोनेरी, आणि जे तूप-चरबी सुटेल त्यातच मग आडवा टाक. एकेक बाजू मिनिट-सव्वा मिनिट, हलवायचं नाही, दाबायचं तर अजिबात नाही.

पाच मिनिटं पाटावर राहू दे, मग धाग्यांच्या आडवं, बोटाएवढे जाड काप कर. आणि कोल्हापूरचा आहेस तर शेवटचं हे कर, दोन चमचे मऊ लोण्यात पाव चमचा घरचा कांदा-लसूण मसाला घालून ठेव आणि गरम कापांवर सोड. मसाला आधी मांसाला लावू नको, त्या आचेवर जळून कडू होतो. पण वरून वितळणाऱ्या लोण्यातनं येतो ना, तेव्हा बायकोला लगेच कळेल हे घरचं आहे म्हणून.

ताई, मी पुण्याची. कॅम्पातनं अंडरकट आणलं, दुकानदार म्हणाला एकदम सॉफ्ट, आणि त्याच संध्याकाळी केलं तर वातड झालं. कच्ची पपई लावायला हवी होती का?

नाही गं, पपई नकोच, अंडरकटला (म्हणजे वर ज्याला फिलेट म्हटलं तोच भाग) तर मुळीच नको, वरचा थर पिठासारखा होतो आणि आत तसंच राहतं. चुकलं ते 'त्याच संध्याकाळी'. आपल्याकडे गायीच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, 2015 पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला आहे, म्हणजे महाराष्ट्रात स्टेकसाठी जे मिळतं ते म्हशीचं, ज्याला दुकानात बडेका म्हणतात आणि मेनूवर बफ. ते बहुतेक वेळा त्याच दिवशी कापलेलं असतं, आणि कापल्यावर काही तासांत मांस आखडून कडक होतं, ते सैल व्हायला वेळ लागतो. कोरडं पुसून, डब्यात घालून, फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात दोन दिवस ठेव आणि मग कर, तुझा तुलाच फरक कळेल. बफमध्ये चरबीची जाळी फारशी नसते, त्यामुळे ते फार लवकर सुकतं, आणि म्हणूनच स्टेकसाठी फक्त अंडरकट घ्यायचं, दुसरा कुठला भाग दुकानदार कितीही आग्रह करो. मधला जाड भाग माग, निमुळतं टोक वेगळं काढून त्याचं कांदा-मिरची घालून चिली फ्राय कर. वर जो चंदेरी पांढरा पापुद्रा असतो तो धारदार सुरीने सोलून टाक, तो कितीही वेळ दिला तरी तव्यावर मऊ होत नाही, आक्रसतो आणि तुकडा वाकडा करतो.

दुकानात मांस उघड्यावर टांगलेलं असेल तर मी मिडियमच्या खाली जात नाही. 63 डिग्री आणि मग तीन मिनिटं थांबणं, हा अमेरिकन कृषी खात्याचा अख्ख्या तुकड्यासाठीचा आकडा आहे आणि तेवढ्याला अंडरकट अजूनही मऊ असतं. बाकी मीठ, बिडाचा तवा, तूप सगळं वरच्यासारखंच, फक्त चरबी नाही म्हणून वाढताना लोणी सढळ हाताने. आणि सिझलरसारखं रटरटत्या प्लेटवर वाढू नको, आपल्याला स्टेक म्हटलं की तेच आठवतं हे मान्य, पण त्या प्लेटवर तुकडा जेवण संपेपर्यंत शिजतच राहतो.

ठाण्याहून एका ताईंनी विचारलंय : स्टेक कापल्यावर ताटात लाल पाणी येतं ते रक्तच ना? नवऱ्याला बघवत नाही. आणि मला चौथा महिना आहे, मी खाल्लं तर चालेल का?

रक्त नाही, रक्त जनावर कापतानाच जवळजवळ सगळं निघून जातं. ते पाणी आणि त्यात मायोग्लोबिन नावाचं प्रथिन, स्नायूंमध्ये ऑक्सिजन धरून ठेवणारं, तापलं की तेच तपकिरी होतं. तुकडा पाच मिनिटं पाटावर थांबवून मग कापला आणि ताट बदललं तर तुमच्या मिस्टरांना फारसं दिसणारही नाही.

पण तुम्ही मात्र आत्ता गुलाबी मांस अजिबात खाऊ नका. कमी शिजलेल्या मांसातनं टॉक्सोप्लाझ्मा होऊ शकतो आणि तो बाळापर्यंत पोचू शकतो, त्यामुळे कुठेही गुलाबी नाही इतकं शिजलेलंच. आणि तसं शिजवायचंच तर महागाचा स्टेक कशाला, साधं मांस आणून बटाटा, गाजर, मिरी, तमालपत्र घालून दोन तास मंद आचेवर स्ट्यू करा, पावासोबत, दोघांना एकाच भांड्यातलं खाता येईल. स्टेक बाळ झाल्यावर. आणि कुणासाठीही, खिमा किंवा बर्गर पॅटी असेल तर ती पूर्णच शिजवायची, अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक वरच असतात आणि तव्यावर मरतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळलेले असतात.

वसईहून एक दादा लिहितात : आमच्या लग्नाला तीस वर्षं होतायत, मुलं म्हणतात हॉटेलात चला, मला घरी स्वतः काही करून घालायचंय. ही मटण-बिटण खात नाही, फक्त मासे. आमच्यासाठी काही आहे का?

आहे की, आणि तुमच्या दारातच आहे. सुरमईची आडवी कापलेली तुकडी म्हणजे स्टेकच तो, आपण त्याला तसं म्हणत नाही एवढंच. नेहमी तळायला अर्धा इंच कापून घेता ना, त्या दिवशी कोळीणमावशींना मधल्या भागातली सव्वा इंच जाड तुकडी मागा, एकेकाला एक. त्या नक्की विचारतील एवढी जाड कशाला, सांगून टाका कशाला ते.

रवा नको, लाल मसाल्याचा लेप नको, एवढी जाड तुकडी लेपाखाली शिजेपर्यंत लेप करपेल. मीठ लावून पंधरा मिनिटं, मग टिपकागदाने अगदी कोरडी. बिडाचा तवा चांगला तापवून तेल, तुकडी टाकली की तीन-साडेतीन मिनिटं हात लावायचा नाही, ती स्वतःहून तव्याचा हात सोडते, चिकटली असेल तर अजून झाली नाही समजा. उलटून आच जरा कमी, अजून तीन मिनिटं, आणि शेवटच्या मिनिटाला एक चमचा लोणी, ठेचलेल्या दोन लसूणपाकळ्या आणि कोकमाच्या आगळाचे सहा-सात थेंब, तवा तिरका करून ते फेसाळतं लोणी चमच्याने तुकडीवर घालत राहा. मधल्या काट्यापाशी चमच्याचं टोक सरकवून बघा, मांस काट्यापासून अलगद सुटायला लागलं की लगेच उतरवा, पांढरंफटक होईपर्यंत थांबू नका. भात आणि सोलकढी आधीच टेबलावर असू द्या, आणि तुकडी ताटात पडायच्या आधी वहिनींना बसवा, सुरमई थांबत नाही.