जपानमध्ये हौशी फुटबॉल लीगची व्यावसायिक लीग कशी झाली? भारतात तसं का जमलं नाही?

थोडक्यात उत्तर: जपानने जुनेच संघ घेतले आणि त्यांना अटी घातल्या. आपण जुन्या संघांना अटी घातल्या खऱ्या, पण नंतर त्यांच्या शेजारी दुसरीच लीग उभी केली. आता सविस्तर.

जपानची व्यावसायिक जे.लीग 1993 मध्ये सुरू झाली, पण त्याआधीही तिथे लीग होती. डेटमार क्रामर या जर्मन प्रशिक्षकाच्या सल्ल्यावरून 1965 मध्ये जपान सॉकर लीग सुरू झाली. आठ संघ, तेही कंपन्यांचे: फुरुकावा इलेक्ट्रिक, मित्सुबिशी, हिताची, यानमार, तोयो कोग्यो (आजची माझदा) वगैरे. खेळाडू त्या त्या कंपनीच्या पगारावर, त्यामुळे कागदोपत्री हौशी. आधी ऑफिस, मग सराव, आणि गुडघा कामातून गेला की पूर्णवेळ टेबल-खुर्ची. मुंबईच्या कूपरेज मैदानावर रेल्वे, एअर इंडिया, महिंद्रा यांचे सामने ज्यांनी पाहिलेत त्यांना हे समजावून सांगायला नको. मीही त्यांतलाच एक. आपल्याकडे पोरगं चांगलं खेळायला लागलं की घरचे पहिला प्रश्न विचारायचे तो स्पोर्ट्स कोट्याचा, क्लबचा नव्हे.

1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने कांस्यपदक जिंकलं, कुनिशिगे कामामोतोने स्पर्धेत सर्वाधिक 7 गोल केले. त्यानंतर मात्र उतरती कळा लागली. ऑलिंपिकची पात्रता मिळेना, विश्वचषक तर दूरच. लीगच्या सामन्यांना कंपनीचे लोक सोडले तर फारसं कोणी फिरकत नसे. उघडपणे पैसे घेऊन खेळण्याची सोय झाली ती 1986 मध्ये, आणि पहिल्या परवान्यांचे मानकरी दोघंच: जर्मनीत कोलोनकडून बुंडेसलिगा जिंकून परतलेला यासुहिको ओकुदेरा आणि निस्सानचा काझुशी किमुरा.

खरी घडामोड इथून पुढची. साबुरो कावाबुची हे फुरुकावाचे जुने खेळाडू, 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनावर गोल केलेले. 1988 मध्ये कंपनीने त्यांची बदली एका उपकंपनीत केली. वर चढायची शिडी संपली हे पन्नाशी उलटलेल्या या माणसाला कळून चुकलं, आणि ते फुटबॉलकडे वळले. जे.लीगचे पहिले अध्यक्ष तेच. माझ्या मते जपानी फुटबॉलचं नशीब त्या बदलीच्या आदेशाने उघडलं!

नव्या लीगच्या अटी कडक होत्या. क्लबची स्वतंत्र कंपनी हवी, खेळाडूंशी व्यावसायिक करार हवेत, 15 हजार प्रेक्षक बसतील असं प्रकाशझोतांचं मैदान हवं, कुमार गटाचे संघ हवेत. आणि सगळ्यांत जाचक अट म्हणजे क्लब एका गावाचा हवा, नावात कंपनी नको. वीसच्या आसपास अर्ज आले, घेतले 10. योमिउरी वृत्तपत्रसमूहाला हे मुळीच मानवलं नाही. त्यांचे प्रमुख त्सुनेओ वातानाबे आणि कावाबुची यांचं भांडण वर्षानुवर्षं चाललं. त्यांचा क्लब लीगच्या लेखी ‘वेर्दी कावासाकी’, पण योमिउरीच्या स्वतःच्या पेपरात ‘योमिउरी वेर्दी’! इतर कंपन्याही काही कमी चतुर नव्हत्या. ‘जेफ युनायटेड’ या क्लबच्या नावातला जे जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचा आणि एफ फुरुकावाचा.

माझं आवडतं उदाहरण काशिमाचं. जेमतेम 45 हजार वस्तीचं पोलादाच्या कारखान्याचं गाव, आणि सुमितोमो मेटलचा संघ दुसऱ्या श्रेणीत. कावाबुचींनी त्यांना सांगितलं की प्रवेश मिळणार नाही हे 99.9999 टक्के नक्की; छप्पर असलेलं 15 हजारांचं स्टेडियम बांधत असाल तर बघू. ही नकार द्यायची सभ्य पद्धत होती. त्यांनी स्टेडियम बांधलं. शिवाय 1991 मध्ये ब्राझीलचा विख्यात खेळाडू झिको त्या दुसऱ्या श्रेणीच्या संघात येऊन खेळू लागला होता. 15 मे 1993 ला टोकियोत 59,626 प्रेक्षकांसमोर लीगचं उद्घाटन झालं (मारिनोसने वेर्दीला 2-1 हरवलं), आणि दुसऱ्याच दिवशी काशिमाने गॅरी लिनेकरच्या नागोया ग्राम्पसला 5-0 धुतलं. झिकोचे तीन गोल. मोसमाचा पहिला टप्पाही काशिमानेच जिंकला.

पुढे सगळं गोडगोडच झालं असं समजू नका. 1994 मध्ये सामन्यामागे सरासरी साडेएकोणीस हजार प्रेक्षक होते, 1997 मध्ये ते दहा हजारांवर आले. 1998 मध्ये योकोहामा फ्ल्युगेल्सच्या एका पुरस्कर्त्याने हात काढून घेतला आणि क्लब शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन करण्यात आला. म्हणजे क्लबच्या नावातून कंपनी गेली तरी तिजोरी तिचीच होती. फरक एवढा की फ्ल्युगेल्सच्या चाहत्यांनी पैसे जमवून ‘योकोहामा एफसी’ हा स्वतःचा क्लब काढला. कंपनीच्या संघासाठी असं कुणी केलं नसतं.

आता आपल्याकडे. 1996 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग आली, 2007 मध्ये तिची आय-लीग झाली. पण पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा जेसीटी 2011 मध्ये बंद झाला, 2005-06 ची जिंकणारा महिंद्रा युनायटेड 2010 मध्येच. दोन्ही वेळा निर्णय कंपनीचा. 2013 मध्ये क्लब परवान्याचे निकष पुरे होत नाहीत म्हणून एअर इंडिया आणि ओएनजीसी बाहेर गेले. हे जपानी धर्तीवरच झालं म्हणायचं, फक्त त्यांच्या जागी मुंबईच्या एखाद्या वस्तीचा, उपनगराचा क्लब उभा राहावा म्हणून कोणी काही केलं नाही.

गोव्याचं मला जास्त वाईट वाटतं. आय-लीगची पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्याला गेली: धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. क्लब उद्योगपती घराण्यांचे असले तरी लोक त्यांना आपले मानत होते. काशिमासारखी अट घालून, मुदत देऊन सुधारून घ्यायला याहून चांगले संघ कुठे मिळणार होते? त्याऐवजी 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली, नवे फ्रँचायझी संघ घेऊन, बढती-घसरण नसलेली. त्यात एफसी गोवाचा प्रशिक्षक कोण, तर झिको. 2015 च्या अंतिम सामन्यापर्यंत त्याने संघ नेलाही. इकडे आय-लीगला दुय्यम ठरवण्याच्या भारतीय फुटबॉल महासंघाच्या आराखड्याविरुद्ध 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी माघार घेतली. धेंपो 2024-25 मध्ये आय-लीगमध्ये परतला, पण तोवर ती दुसरी श्रेणी झालेली होती.