डावपेचांचा पटखेळ कसा निवडावा?

प्रश्न : आम्हा दोघांना बुद्धिबळाची सवय आहे. नशिबावर न चालणारा, पण तासाभरात संपणारा दुसरा पटखेळ कोणता घ्यावा?

उत्तर : प्रत्येक खेळीत प्रतिस्पर्ध्याची अडचण करता येते का, हे आधी पाहावे, केवळ फासे नाहीत म्हणून खेळ डावपेचांचा ठरत नाही. ‘क्वारिडॉर’मध्ये ९ बाय ९ घरांच्या पटावर दोघांकडे प्रत्येकी १० भिंती असतात आणि दर पाळीत प्यादे हलवायचे की भिंत उभारायची, एवढाच निर्णय घ्यायचा असतो, मात्र समोरच्या कडेला पोहोचण्याची कोणाचीही वाट पूर्ण बंद करता येत नसल्याने घाईने लावलेली भिंत पुष्कळदा स्वतःलाच नडते. ‘ओनितामा’ या दुसऱ्या पटखेळात सोंगटी कशी चालवायची हे पत्ते ठरवतात आणि वापरलेला पत्ता पुढे प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. तुम्हाला, माझ्या मते, हाच अधिक रुचेल.